व्हिएतनामात बांधलेला बस्ता

हे प्रवासवर्णन मी रागाच्या भरात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. जाऊन आले त्याला तीन महिने होत आले तरी राग उतरलेला नाही. कुणाकुणाचा राग, ते ओघाने येईलच.

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा आत्यांनी एकच गोष्ट मागितली होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम टाकवे बुद्रुक. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सकाळी खाचरात उतरल्या की दुपारच्या भाकरीलाच वर येणार, आणि तेही कुणी चार हाका मारल्यावर. माझी धाकटी जाऊ कांता आणि दीर तिथंच शेती करतात. मी आणि आमचे हे तळेगावला असतो. मी पोस्टात काउंटरवर बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ लोणावळ्यात. हे एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले.

सहलीची कल्पना कांताच्या मुलीची, श्वेताची. ती एमआयडीसीत नोकरी करते. येत्या थंडीत तिचं लग्न आहे, त्याआधी आजीला विमानात बसवायचंच असं तिनं मनावर घेतलं होतं. कुठं जायचं यावर घरात खल चालला असताना तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. व्हिएतनामच्या बायका डोक्यावर शंकूसारख्या टोप्या घालून गुडघाभर चिखलात भात लावत होत्या. आत्यांनी फोन हातात घेतला आणि परत परत लावायला सांगितला.

"ह्या बाया आपल्यावानीच वाकत्यात गं," त्या म्हणाल्या. "पर रोप धरायची तऱ्हा येगळी हाय. मला ह्यांच्याकडं न्या. समिंदर नगं, देवळं नगंत, कापडं तर आजाबात नगंत. एकदा त्यांच्या बांधावर हुबं ऱ्हाऊन लोंबी हातात घिऊन बघायची हाय. मग घाला मला पायजे त्या विमानात."

"नेऊ की!" आम्ही चौघंही एका सुरात म्हणालो. दीर म्हशींसाठी मागं राहिले, आणि एप्रिलच्या शेवटी आम्ही पाचजण निघालो.

दानांग, पहिला दिवस

विमान खाली यायला लागलं तेव्हा आत्या खिडकीशी होत्या. शहराच्या अलीकडे पिवळीधमक खाचरं दिसली आणि त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "पिकलंय गं सुमन! कापनीला आलंय!" आपल्याकडे त्या दिवसांत खाचरं भेगाळलेली असतात आणि भाताचा विषयही कुणी काढत नाही. इथं ऐन उन्हाळ्यात पीक उभं. हॉटेलात खोलीची किल्ली मिळेपर्यंत त्या तेवढंच बोलत होत्या. 

हॉटेल समुद्रासमोर होतं. दुपारी जरा पाठ टेकली आणि संध्याकाळी पाण्याच्या बाटल्या आणायला म्हणून बाहेर पडलो. कोपऱ्यावर दुमजली बाजार होता. बाटल्या राहिल्या बाजूला, आम्ही तिथून बाहेर पडलो ते दिवे लागल्यावर.

तिथल्या पैशाला दोंग म्हणतात आणि आपला एक रुपया म्हणजे साधारण तीनशे दोंग. एक शहाळं तीस हजाराला! जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेली मी, पण शहाळ्यासाठी तीस हजार काढून देताना माझाही हात अडखळला. कांताला मात्र पहिल्या दहा मिनिटांत लाखाची चव लागली. ही कांता शनिवार-रविवारी कामशेतजवळ जुन्या हायवेला घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन बसते. पुण्या-मुंबईची माणसं गाडीची काच खाली करून भाव पाडून मागतात, म्हणून तिनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे. तीच कांता त्या बाजारात विणलेल्या पिशव्यांच्या दुकानापुढं उभी राहिली आणि मला तिची ओळख पटेना.

दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवायची. दोन लाख. कांता तो पुसून पन्नास हजार दाबायची. बाई छातीवर हात ठेवून मरून पडल्यासारखं करायची. मग कांता पिशवी खाली ठेवायची, श्वेताचा हात धरायची आणि पाठ फिरवून चालू लागायची. थोडं अंतर गेलं की मागून हाक. "मादाम! मादाम!"

"बघा ताई," कांता मला म्हणाली, "दहाव्या पावलाला हाक येती. वडगावच्या बाजारात काय आन् हितं काय, समदं त्येच."

मला तिचा संताप आला. त्या दुकानदारणीच्या मांडीवर एक पोर झोपलेलं होतं, आणि ही बाई तिच्याशी तास-तास हुज्जत घालत होती. पण ह्यांचं तर आणखी वरताण. ह्यांनी सगळ्यांच्या आधी एक मोठी रिकामी बॅग विकत घेतली. का, तर "पुढं लागेलच." खरेदी व्हायच्या आधी तिच्यासाठी बॅग घेणाऱ्या माणसाशी मी छत्तीस वर्षं संसार केला आहे.

आत्या कुठं आहेत म्हणून पाहिलं तर त्या तांदूळवालीपाशी होत्या. सात-आठ टोपल्यांत तांदळाचे ढीग, आणि मागं आत्यांच्याच वयाची एक बारीक चणीची बाई. तिनं आत्यांना बसायला टीचभर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल दिलं होतं. आत्या एकेका ढिगातले दाणे तळहातावर घेऊन नखानं मोडत होत्या, नाकाशी नेत होत्या, दाताखाली धरत होत्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर दुकानदार खेकसला असता. ही बाई मात्र प्रत्येक दाण्यानंतर आत्यांच्या तोंडाकडं बघत निकालाची वाट पाहत होती.

"चिकाट हाय," आत्या तिला मराठीत सांगत होत्या. "चांगला हाय, पर वास न्हाई. आमच्या इंद्रायणीचा भात शिजला का चार घरं पल्याड कळतंय. ह्यो कुटं पिकतो?"

त्या बाईनं आत्यांच्या नऊवारीच्या काठावरून बोट फिरवलं, तिच्या भाषेत पुष्कळ काहीतरी सांगितलं आणि शेवटी इमारतींच्या पलीकडं हात लांब केला. आत्यांनी मान डोलावली. चार दिवसांत त्या देशात कुणी कुणाशी खरं बोललं असेल तर ते या दोघी.

होई आन, दुसरा दिवस

होई आन हे दानांगपासून तासाभरावर असलेलं जुनं गाव. नदीकाठ, पिवळ्या भिंतींची घरं, दारोदारी कागदी कंदील. लोक लांबून तिथं नुसतं फिरायला येतात. आम्ही कंदील पाहिले ते कापडाच्या दुकानाच्या काचेतून.

तिथं शिंप्यांची दुकानं ओळीनं आहेत. सकाळी माप द्या, दुसऱ्या दिवशी अंगात घाला. त्यातल्या एका दुकानात कांताला रेशमाचे ताके दिसले, तिनं भाव विचारला, मनातल्या मनात तीनशेनं भागलं आणि तिचे डोळे चमकले. "ताई," ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "श्वेताचा बस्ता हितंच बांधायचा."

लग्नाचा बस्ता, आणि व्हिएतनामात! आमच्याकडे त्यासाठी दोन्हीकडची वीसेक माणसं जीप करून जातात, मांडी घालून गादीवर बसतात, रुसवेफुगवे होतात, चहा-भजी होतात, मग कुठं नारळ ठेवून गठ्ठा बांधला जातो. इथं साड्याही मिळत नव्हत्या. कांताचं म्हणणं, सहा-सहा वार रेशीम कापून घ्यायचं आणि काठ तळेगावात लावून घ्यायचे. गळ्यात टेप अडकवलेली दुकानातली मुलगी हौसेनं श्वेताचं माप घ्यायला आली, तर कांता म्हणाली, "शिवू नगं बाई, नुस्तं काप." श्वेतानं ते इंग्रजीत सांगितलं. शिवू नका असं सांगणारं गिऱ्हाईक त्या मुलीला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. तिनं विचारलं, पडदे करायचे आहेत का?

खरी कमाल पुढंच झाली. अकरा तुकडे निघाले. कांतानं पाठ फिरवून, दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन परत येऊन भाव बराच खाली आणला, आणि त्या मुलीनं शेवटी हात टेकून सगळ्या अकरा तुकड्यांना एकच दर लावला. तिला वाटलं आपण उदारपणा केला. कांताचा चेहरा पडला.

"आसं कसं एकच? मामीचं नि मावळणीचं भारी पायजे. नवरदेवाच्या आईचं त्याहून भारी. उद्या मावळण म्हनंल, मला नि चुलतीला एकाच मापात मोजलं. श्वेते, सांग हिला, ह्या तिन्हीचा भाव वाढीव म्हनावं."

मावळण म्हणजे आमची नणंद. श्वेता लाजेनं अर्धी झाली, पण तिनं सांगितलं. दुकानातल्या चारही मुली गोळा झाल्या. तासभर घासाघीस करून उतरवलेला भाव आता हे गिऱ्हाईक चढवायला सांगत होतं! त्यांनी आपसांत सल्लामसलत केली आणि तीन तुकड्यांचा दर थोडा वाढवला. तर कांता म्हणाली, एवढा नको, त्यापेक्षा जरा कमी वाढव. मी आयुष्यात पुष्कळ काउंटर पाहिले, पण असला व्यवहार पाहिला नाही. हसू यायला हवं होतं. पण मी बाहेर आले तेव्हा आत्या दुकानाच्या पायरीशी बसून उन्हाकडं पाहत होत्या. परतताना वाटेत गाडी थांबवून त्यांना खाचर दाखवायचं कबूल झालं होतं.

"ऊन किती ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

"आहे अजून. होईलच त्यांचं."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. हे शेजारच्या टपरीवर घट्ट गोड दुधाची कॉफी पीत, "अगं, बायकांची खरेदी, घाई करून चालत नाही," असं मलाच समजावत होते. गठ्ठा गाडीत ठेवला तेव्हा अंधार पडला होता. परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना काळोख. आत्यांनी काच खाली करायला लावली.

"बेडकं वरडत्यात," त्या म्हणाल्या. "खाचर हितंच जवळ हाय."

कांता मोबाइलच्या उजेडात तुकडे मोजत होती.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी कांतानं आम्हाला नाश्त्याआधी उठवलं. आदल्या दिवशी तिनं पाहिलं होतं की तिथल्या दुकानदारणी सकाळची पहिली नोट मिळाली की ती सगळ्या मालावरून फिरवतात. "आवं ताई, ही भवानीच की!" तिला देव भेटल्यासारखा आनंद झाला. आपल्याकडेही दिवसाच्या पहिल्या विक्रीला, भवानीला, दुकानदार गिऱ्हाईक परत जाऊ देत नाही, चार पैसे कमी घेतो पण माल देतो. कांतानं हेरलं की इथंही पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर त्यांना ते फार लागतं. मग काय, करवल्यांच्या बांगड्या, वरातीतल्या पोरांना टोप्या, मंडपात टांगायला कंदील, सगळं भवानीच्या भावात. एका दुकानाची भवानी झाली की पुढच्या दुकानाची. दुसऱ्याच्या श्रद्धेचा असा फायदा उठवणं मला पटलं नाही आणि मी तसं तोंडावर बोलले. कांता म्हणाली, "मी काय चोरी करतीया का?" ह्यांनी तेवढ्यात दोन जोड बूट घेतले होते, त्यामुळे हे तिच्या बाजूनं.

त्या टोप्यांतली एक आत्यांनी डोक्यावर घालून पाहिली. "इरल्यापरास हलकी हाय," एवढंच बोलून काढून ठेवली. आपलं बांबूचं इरलं पाठीवरून खाली येतं, वाकून काम करणाऱ्याला त्याचाच आधार, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. त्या दिवशीही खाचर राहिलं, कारण दुपारी बॅगा भरल्या तर त्या लागेनात.

चौथ्या दिवशी पुन्हा होई आन. का, तर अकरांतला एक तुकडा हॉटेलात नीट पाहिल्यावर काळपट निघाला, आणि लग्नात काळं कसं चालेल. जाताना आत्या पुढच्या सीटवर होत्या. एके ठिकाणी रस्त्यालगत यंत्र चाललं होतं. मोठंच्या मोठं कापणीयंत्र खाचरात शिरून एका बाजूनं भात गिळत चाललं होतं आणि कडेला दोन बायका राहिलेल्या लोंब्या विळ्यानं कापत होत्या.

"थांबीव बाबा," आत्यांनी ड्रायव्हरला खांद्याला हात लावून सांगितलं. त्यानं खरंच गाडी हळू केली.

"आत्या, दुकान जेवायला बंद हुतंय त्यांचं," कांता मागून म्हणाली. "येताना थांबू की निवांत."

येताना आत्यांच्या पायांशी एक, मांडीवर एक आणि दाराला टेकून दोन गाठोडी होती. त्यांना उतरवायचं तर आधी अर्धी गाडी रिकामी करावी लागली असती. यंत्र पुढच्या खाचरात गेलं होतं. आत्यांनी काचेला तळवा लावला. "उंद्यापर्यंत समदं कापून जाईल," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही.

हॉटेलात पोचल्यावर माझा बांध फुटला. तुम्हाला लाज नाही वाटत, म्हणाले. या बाईनं आयुष्यात तुमच्याकडं काही मागितलं नाही, एक मागितलं, ते शहराबाहेर अर्ध्या तासावर आहे, आणि तुम्ही चार दिवस चिंध्या निवडत बसलात. कांता रडायला लागली, श्वेता तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. हे म्हणाले, "अगं, आवाज." मी म्हणाले, "उद्या सकाळी मी एकटी नेते आत्यांना. तुम्ही बसा तुमचा बस्ता बांधत."

त्या रात्री मला शांत झोप लागली, याची आज सगळ्यांत जास्त चीड येते.

पाचवा दिवस

अकराला विमानतळाकडं निघायचं होतं. पावणेनऊला आम्ही दोघी तयार होऊन हॉटेलच्या दारात उभ्या. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि ते चिखलात जाणार म्हणून आधीच गुडघ्यापर्यंत वर खोचलं होतं. अर्धा तास जायला, अर्धा यायला, तासभर बांधावर. हिशेब चोख होता.

दारापुढं एक टॅक्सी उभी होती. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. मी श्वेताकडून घेतलेला खाचराचा फोटो दाखवला, घड्याळावर बोट ठेवून दोन तास सांगितले. त्याला लगेच समजलं. त्यानं आत्यांच्या खोचलेल्या लुगड्याकडं पाहिलं आणि तो हसला. मग मोबाइलवर आकडा दाबून दाखवला. चार लाख.

मी त्याच्या हातातून मोबाइल घेऊन साडेतीन लाख दाबले.

त्यानं मान हलवली. हसतच, पण ठाम.

"दे गं," आत्या म्हणाल्या. "मागतोय त्ये दे."

"आत्या, तुम्ही नका बोलू. हा गिऱ्हाईक बघून सांगितलेला दर आहे."

मला खरंच तसं वाटलं होतं. लोणावळ्यात नऊ वर्षं मी रोज स्टेशनातून बाहेर पडत होते. गाडीतून उतरलेला मुंबईकर दिसला की टॅक्सीवाल्यांच्या डोळ्यांत काय येतं, ते मला ओळखू येतं. आपल्याला कुणी तसला मुंबईकर समजावं हे मला सहन होईना. आणि मनात दुसराही विचार आला, तो कांताचा. सकाळची वेळ आहे, याची भवानी आहे, हा आपल्याला सोडणार नाही. चार दिवस जिला मी नावं ठेवली तिचीच विद्या माझ्या अंगात आली होती आणि मला पत्ताही नव्हता.

मी मोबाइल त्याला परत दिला, आत्यांचा हात धरला आणि पाठ फिरवून चालू लागले.

"आगं कुटं?" आत्या म्हणाल्या.

"चला नुसतं. बोलावतोच बघा."

मी पावलं मोजत होते. सात, आठ, नऊ. दहाव्या पावलाला मी चाल मंदावली, त्याला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून. अकराव्याला गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर हॉटेलातलं एक पांढऱ्या केसांचं गोरं जोडपं टॅक्सीत बसलं होतं. गाडी आमच्याजवळून गेली तेव्हा त्या माणसानं आत्यांकडं बघून हात हलवला. त्यात कुचकेपणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी धावत हॉटेलात गेले. काउंटरवरच्या मुलीनं दोन-तीन ठिकाणी फोन केले. दुसरी गाडी दहाला येणार. दहाला येऊन काय उपयोग! मी त्या मुलीला तावातावानं सांगितलं की तुमच्या टॅक्सीवाल्यांनी कसे दर लावले आहेत. तिनं विचारलं, किती मागितले? मी सांगितलं. ती म्हणाली, दोन तासांचा तोच दर आहे, सगळे तेवढेच घेतात. मी म्हणाले, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक होते मी त्याचं. ती म्हणाली, नाही मॅडम, तो पहाटे चारपासून विमानतळाच्या फेऱ्या मारतो आहे.

बाहेर आत्या फुटपाथवर तशाच उभ्या होत्या. गाडी गेली त्या दिशेला बघत होत्या. मी जवळ गेले. त्यांनी खोचलेलं लुगडं सोडलं, निऱ्या हातानं नीट केल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "च्या पिऊ."

वर गेल्यावर कांता, श्वेता आणि हे तिघंही बॅगेवर बसून ती बंद करत होते. "इतक्या लवकर?" कांतानं विचारलं. माझं तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "माझं गुडघं धराय लागलं. मीच म्हनलं, माघारी फिर."

कांताच्या हातातली बॅगेची चेन तशीच राहिली. ती उठली, सामानातून मलम शोधून काढलं आणि आत्यांच्या पायांशी बसून चोळायला लागली. "मी चार दिस तुमाला बाजारात हुबं केलं, त्यानंच झालं," असं म्हणून ती पुन्हा रडली. हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, या वयात झेपत नाही." असं ते कधीच म्हणाले नव्हते. मी खिडकीशी उभी होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आदल्या रात्री मी ज्या तोऱ्यात बोलले होते, त्यानंतर ते वाक्य मला उच्चारता येईना. आत्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मलम चोळून घेतलं.

टाकवे

प्रवास विमानतळावर संपतो असं म्हणतात. माझा संपला नाही.

परत आल्यावर ह्यांनी आईसाठी गुडघ्याचे पट्टे आणले, पूर्ण किमतीला. कांतानं त्यांचं जिन्यानं माडीवर जाणं बंद केलं, मग ओढ्यावर जाणं बंद केलं. जुलैत आवणी सुरू झाली तशी मी दोन दिवस मदतीला म्हणून टाकव्याला गेले. खाचरात कांता, श्वेता आणि चार-पाच बायका वाकून लावत होत्या. बांधावर प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर छत्री बांधलेली, आणि खुर्चीत आत्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"मी म्हनलं, बसूनच सांगा काय सांगायचं त्ये," कांता चिखलातून मला म्हणाली. "आवंदा खाचरात पाय घालू द्यायची न्हाई. दानांगला चार पावलं चालवली न्हाईत त्यांना."

आत्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या रोपांकडं बघत होत्या. एका बाईनं रोप वाकडं लावलं, तेव्हा त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून पुढं झाला आणि मागं आला.

मला अचानक सगळ्यांचा राग आला. त्या खुर्चीचा, त्या पट्ट्यांचा, पट्टे आणणाऱ्या ह्यांचा, मायेनं बांधून घालणाऱ्या कांताचा. आणि तो राग कुठंच ठरेना, कारण त्याला जायला एकच जागा होती.

"कांता," मी बांधावरूनच ओरडले, "आत्यांचे गुडघे दुखले नव्हते. टॅक्सी मी घालवली. मी घासाघीस करत बसले. ह्या दे म्हणत होत्या, मी पाठ फिरवून चालत सुटले, दहाव्या पावलाला हाक येईल म्हणून. आली नाही. आत्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

बायकांचे हात थांबले. कांता सरळ उभी राहिली, हातातल्या रोपांची जुडी गळत होती.

"कितीसाठी?" तिनं विचारलं.

"पन्नास हजार."

"आपलं किती झालं गं?" तिनं श्वेताला विचारलं.

श्वेतानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली चिखलात. "एकशे सदुसष्ट रुपये," ती म्हणाली.

कांता मला काहीतरी बोलणार होती. तिला तो हक्क होता आणि मी ऐकून घ्यायला उभी होते. पण तेवढ्यात चिखलात पाय रुतल्याचा आवाज झाला. आत्या उतरल्या होत्या. पट्टे खुर्चीवर पडले होते, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं होतं, आणि त्या वाकून मघाचं ते वाकडं रोप उपटत होत्या.

"बोलत काय बसलाय?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "सुमन, रोपं टाक हिकडं."